डॉलर चढला, हळदीला काय?

सांगलीच्या मार्केट यार्डात राजापुरी हळदीचा सौदा रुपयांत होतो. परदेशी निघाली की बहुतेक हिशेब डॉलरमध्ये. समजा, किलोला 2 डॉलर ठरले. डॉलर 80 रुपयांचा असेल तर 160 मिळतात, 85 झाला तर 170. माल तोच, वर 10 रुपये. अर्थात गिऱ्हाईकही दर बघतच असतं. पुढच्या सौद्यात त्यातले चार-पाच कापून मागतं.

पण डॉलर चढला म्हणजे निर्यात वाढतेच असं नाही. 6 जून 1966 ला सरकारने डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर नेला. निर्यात उसळेल अशी आशा होती. पण लागोपाठ दोन दुष्काळ. विकायला माल तर हवा!

इवल्याशा श्रीलंकेचंही तेच झालं. मार्च 2022 मध्ये तिथला रुपया मोकळा सोडला आणि डॉलर 200 वरून काही आठवड्यांत 350 च्या पुढे गेला. चहा निर्यातदारांची चांदी व्हायची; पण आदल्या वर्षीच्या खतबंदीने मळेच अशक्त झालेले.

आपल्या तासगावच्या द्राक्षबागायतदाराचं दुखणं दुहेरी. रुपया घसरला की युरोपच्या पेटीला चार पैसे जास्त, पण बाहेरून येणारं खत-औषधही महाग. साताऱ्याच्या आले उत्पादकालाही खताची ही झळ चुकत नाही. आणि बांगलादेशचा टका पडला, तर आपला रुपया जागेवर असूनही ढाक्यात आपली द्राक्षं महागच.