रॉ फाईल उघडत नाही? कार्ड फॉरमॅट करू नका!

आजचा भाग छोटा आहे, पण कामाचा.

समजा, घरच्या लग्नाचे फोटो तुम्ही रॉमध्ये काढलेत. कार्ड लॅपटॉपला लावलं. फोल्डरमध्ये फोटो मस्त दिसतायत, पण डार्कटेबलमध्ये उघडायला गेलं की एरर! बरेच जण म्हणतात, "फाईल करप्ट झाली," आणि कार्ड फॉरमॅट करून मोकळे होतात. मी म्हणतो, थांबा जरा.

रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेला कच्चा माल. प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने बांधते: कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. त्याच फाईलमध्ये कॅमेरा एक तयार जेपीजीही ठेवतो. फोल्डरमध्ये दिसतो तो बहुतेक वेळा हाच. म्हणून फोटो दिसतो, पण उघडत नाही!

बरं, मुक्त सॉफ्टवेअर मागे का पडतं? कारण या बांधणीची माहिती कंपन्या सहसा देत नाहीत. ती लोकांनीच उलगडली. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये 'डीसीरॉ' लिहायला घेतलं. आजची 'लिबरॉ' त्यातूनच आली. नवा कॅमेरा आला की हे काम पुन्हा करावं लागतं, त्याला वेळ लागतो.

मग करायचं काय? मी या क्रमाने जातो.

पहिलं, आवृत्ती बघा. लिनक्सच्या सॉफ्टवेअर स्टोअरमधलं डार्कटेबल कधी कधी जुनं असतं. कॅननची सीआर३ आली २०१८ मध्ये. त्याआधीच्या आवृत्तीला ती कळणार कशी?

दुसरं, कार्डवरच्या आणि लॅपटॉपवरच्या फाईलचा आकार जुळवा. कमी भरला तर कॉपी अर्धवट झालीय. पुन्हा कॉपी करा. कार्ड फॉरमॅट करायचं नाही ते यासाठीच!

तिसरं, कॅमेऱ्यातलं कॉम्प्रेशन. निकॉन झेड ९ मधला 'हाय एफिशियन्सी' पर्याय मुक्त सॉफ्टवेअरला अडचणीचा ठरलाय. पुढच्या वेळी 'लॉसलेस' ठेवा. काढलेले फोटो अडोबीच्या डीएनजी कन्व्हर्टरने बदलून बघा. तो फुकट आहे, पण मुक्त सॉफ्टवेअर नाही. मूळ फाईल मात्र जपून ठेवा.

गिम्पवाल्यांनो, गिम्प स्वतः रॉ उघडत नाही. डार्कटेबल किंवा रॉथेरपी इन्स्टॉल असेल, तर काम त्यांच्याकडे सोपवतो.

आणि हो, नावातलं डीएनजी खोडून जेपीजी लिहिलं म्हणजे फाईल बदलत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतली डाळ बदलते का? मित्राला रॉ पाठवायची असेल तर व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा.

आज न उघडणारी फाईल सहा महिन्यांनी नव्या आवृत्तीत उघडू शकते. पुसलेली कुठून उघडणार? तेव्हा मंडळी, दोन ठिकाणी कॉपी ठेवा. भेटू पुढच्या भागात!