मधुराद्वैताचे आचार्य : श्रीगुलाबराव महाराज
(प्रताप नगर, नागपूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



दिवसभराची काहिली थोडी ओसरताच, पंख्याखालची जागा सोडून तत्त्वज्ञानाचा विषय ऐकावयास जे येऊन बसतात, त्या प्रताप नगरच्या श्रोत्यांना संतचरित्राबरोबर चमत्कारांची पुरवणी द्यावी लागत नाही, अशी माझी समजूत आहे. आणि म्हणूनच श्रीगुलाबराव महाराजांच्या नावावर भाविकांनी जमा केलेल्या अद्भुत कथांचे दप्तर आज मी उघडणार नाही. त्या कथांविषयी मला अनादर नाही. परंतु या पुरुषाच्या अंधत्वाचे आणि त्या अंधत्वावर मात करणाऱ्या बुद्धीचे कौतुक करण्यात आपण वऱ्हाडनागपूरकर इतके रमलो, की त्या बुद्धीने काय सिद्ध केले आणि कोणाशी कोणता वाद मांडला, हे पाहण्याची गरजच आपल्याला उरली नाही. नमस्कार करून मोकळे होणे हा न वाचण्याचा सर्वांत सभ्य प्रकार आहे, आणि महाराजांच्या वाट्याला तो भरपूर आला.

चरित्राचा तपशील फार नाही. 6 जुलै 1881 रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे एका कुणबी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ गाव त्याच जिल्ह्यातील माधान, आडनाव मोहोड. जन्माला वर्षही झाले नव्हते तोच दृष्टी गेली. चौथ्या वर्षी आई गेली, आणि पुढचे संगोपन आजोळी झाले. वऱ्हाडचा मुलूख तेव्हा नावाने निजामाचा आणि कारभाराने इंग्रजांचा होता. कापसाचा पैसा गावोगाव खेळू लागला होता, आणि त्याबरोबर तालुक्याच्या कचेऱ्या, शाळा, वर्तमानपत्रे आणि इंग्रजी शिकलेला वकीलवर्गही आला होता. 1896 साली, म्हणजे पंधराव्या वर्षी, मनकर्णिकाबाईंशी त्यांचा विवाह झाला. पुढे प्रपंच झाला, शिष्य मिळाले, ग्रंथ झाले. आणि 20 सप्टेंबर 1915 रोजी पुणे येथे त्यांनी देह ठेवला तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस वर्षांचे होते.

या चौतीस वर्षांत मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन भाषांत मिळून सव्वाशेच्या वर लहानमोठ्या ग्रंथांची रचना झाली, हे सांगितले की श्रोते माना डोलावतात. मला मात्र त्या आकड्यापेक्षा त्यामागच्या रीतीचा विचार अधिक करावासा वाटतो. ज्याला पान उलटून मागची ओळ पुन्हा पाहता येत नाही, त्याला पूर्वपक्ष संपूर्ण ऐकून स्मृतीत तसाच उभा ठेवावा लागतो; एकाने वाचावे, यांनी ऐकावे, मग दुसऱ्याने लेखणी सरसावावी आणि यांनी सांगत जावे, असा तो व्यवहार होता. लिहिलेल्यावर नजर टाकून खाडाखोड करण्याची आपणा डोळस लेखकांची जी चैन, ती त्यांना नव्हती. त्यांच्या गद्याची वाक्ये कधी कधी दमछाक करतात, एकच मुद्दा निरनिराळ्या अंगांनी पुन्हा पुन्हा येतो, याचे कारण मला या रीतीत दिसते. ते बोललेले गद्य आहे, आणि मोठ्याने वाचले असता त्यातील अडचण निम्म्याने कमी होते.

आता मुख्य विषय. 1901 साली आळंदीस ज्ञानेश्वरमहाराजांनी आपणांस मांडीवर घेऊन स्वनामाचा मंत्र दिला, अशी त्यांची स्वतःची साक्ष आहे. आणि त्या दिवसापासून 1296 साली समाधिस्थ झालेल्या त्या पुरुषाची आपण कन्या, व श्रीकृष्णाची पत्नी, हे नाते त्यांनी मनापुरते न ठेवता देहावर धारण केले. कपाळी कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र घातलेला, स्वतःची पत्नी आणि मूल असलेला हा वऱ्हाडी शेतकरी पाहून त्या काळच्या लोकांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. मधुराभक्ती महाराष्ट्राला सर्वस्वी अपरिचित नव्हती. आपल्या संतांनी विरहिणी गायिल्या आहेत, गौळणी रचल्या आहेत. परंतु आपल्याकडे तो भाव अभंगाच्या मर्यादेत राहतो, आणि अभंग संपला की गाणारा पुन्हा विठोबाचे लेकरू होतो. इथे तसे झाले नाही.

मात्र भाव कितीही उत्कट असला तरी त्याची कैफियत तर्कासमोर द्यावी लागते, हे महाराजांनी मान्य केले, आणि माझ्या मते त्यांचे वेगळेपण इथेच आहे. प्रश्न जुना आहे. शंकराचार्यांच्या अद्वैताप्रमाणे जीव आणि ब्रह्म ही दोन नव्हेत. आणि प्रेमाला तर दोघे लागतात. तेव्हा भक्ती ही ज्ञान होईपर्यंतची पायरी ठरते, आणि ज्ञान झाल्यावर तिला रजा मिळते. वैष्णव आचार्यांना ही रजा पटली नाही म्हणून त्यांनी अद्वैतालाच मुरड घातली. गुलाबराव महाराजांनी शांकर अद्वैत अबाधित ठेवून भक्तीला ज्ञानोत्तर स्थान दिले, आणि या मताला मधुराद्वैत असे नाव दिले. अज्ञानातून उत्पन्न झालेले द्वैत बांधते. परंतु ज्ञान झाल्यानंतर केवळ प्रेमासाठी पत्करलेले द्वैत बांधू शकत नाही, कारण ते कल्पित आहे हे पत्करणाऱ्याला ठाऊकच असते. नातीच्या भातुकलीत आजी रिकाम्या ताटलीवरचे जेवण आवडीने जेवते. ताटली रिकामी आहे हे तिला नातीपेक्षा अधिक चांगले कळते, म्हणून ती फसत नाही, आणि तिचा आनंदही खोटा ठरत नाही. मधुसूदन सरस्वतींसारख्या अद्वैती पंडिताने या दिशेने पूर्वीच पावले टाकली होती, आणि ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तील शिवशक्तीच्या ऐक्यात याचे बीज आहेच, पण ते संप्रदायाचे अधिष्ठान म्हणून मांडणे, आणि ते स्वतःच्या वेशासकट जगून दाखविणे, हे माधानच्या या पुरुषाचे काम.

एवढ्यावरच ते थांबले असते तर आपण त्यांना केवळ सांप्रदायिक म्हटले असते. परंतु स्पेन्सर, डार्विन, मॅक्समुल्लर ही नावे त्यांच्या लेखनात प्रतिपक्ष म्हणून येतात. आगरकरांच्या पिढीने स्पेन्सर मराठी वाचकांच्या दारात आणून ठेवला होता. सुशिक्षित तरुणांची श्रद्धा त्याने डळमळीत केली होती, आणि पुष्कळ धर्माभिमान्यांनी त्याला शिव्या देण्यापलीकडे काही केले नव्हते. परमतत्त्व अज्ञेय आहे, हा स्पेन्सरचा सिद्धान्त. वेदान्त्याला तो अर्धाच मान्य होतो: ब्रह्म इतर वस्तूंप्रमाणे ज्ञानाचा विषय होत नाही हे खरे, पण जे जाणणाऱ्याचे स्वतःचेच स्वरूप, ते अज्ञात कसे म्हणावे? या भूमिकेवरून महाराज विलायती पंडिताशी बरोबरीच्या नात्याने बोलतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाने, दुसऱ्याच्या मुखाने ऐकलेल्या ग्रंथांशी हा वाद घालावा, हे धारिष्ट मोठे. आर्य बाहेरून आले हे मतही त्यांनी नाकारले. तिथे मात्र आग्रह अधिक आणि पुरावा कमी, असे माझे नम्र मत आहे.

आणखी एका ठिकाणी मी थबकतो. वर्णाश्रमधर्माचे त्यांनी निःसंदिग्ध समर्थन केले. ज्यांच्या पायाशी बाबाजीमहाराज पंडितांसारखे ब्राह्मण शिष्य बसले, आणि पुढे ज्यांच्या संप्रदायाची धुरा त्याच बाबाजीमहाराजांनी वाहिली, त्या कुणबी आचार्याने जन्मसिद्ध अधिकारभेद का उचलून धरावा? त्यांचे अनुयायी याचा शास्त्रीय उलगडा देतात. मला तो पुरत नाही. सत्पुरुषाचे सर्वच म्हणणे गळी उतरविले पाहिजे असा दंडक आपल्याकडे कधी नव्हता, आणि वादप्रिय गुलाबराव महाराजांच्या बाबतीत तर तो अगदीच अस्थानी होईल.

ते गेले त्याच वर्षी, जून महिन्यात, टिळकांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले. ज्ञानानंतर कर्म उरते की नाही, या प्रश्नावर त्या ग्रंथाने साऱ्या महाराष्ट्रात रण माजविले. पक्षोपपक्ष झाले, उत्तरे-प्रत्युत्तरे छापली गेली. ज्ञानानंतर भक्ती उरते की नाही, हा त्याच्याच शेजारचा प्रश्न, तितक्याच तयारीने सोडविलेला, वऱ्हाडात पोथीसारखा बासनात राहिला. ज्याला ते बासन सोडावयाचे असेल त्याने आरंभ महाराजांच्या ‘संप्रदायसुरतरू’ या ग्रंथापासून करू नये; तिथे परिभाषेचे रान दाट आहे. आधी ‘साधुबोध’ हाती घ्यावा. त्यात प्रश्न आहेत आणि उत्तरे आहेत. आणि एखादे उत्तर पटले नाही, तर पुढचा प्रश्न आपण स्वतः विचारावा.