बाप, दोन मुलें आणि माथेरान

थंड हवेचें ठिकाण म्हटलें म्हणजे डोळ्यांपुढें उभी राहते ती मोटारींची रांग, कर्ण्यांचा गोंगाट आणि रस्त्याच्या कडेला मुलांचे दंड आवळून उभे असलेले आईबाप. माथेरान या नियमाला अपवाद आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंचीवर वसलेलें हें गांव मोटारीला वेशीच्या आंत येऊं देत नाहीं. नेरळहून घाट चढून आलेली गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते. तेथून बाजारपेठेपर्यंतची अडीच-तीन किलोमीटरांची वाट पायीं, घोड्यावर, नाहीं तर जवळच्या अमन लॉज स्टेशनावरून सुटणाऱ्या छोट्या आगगाडीनें काटावयाची. २००३ सालीं हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, तेव्हां या बंदीला कायद्याचें बळ आलें. रूढीनें ती त्यापूर्वींही पाळली जात होती. २०२२ च्या अखेरीस विजेवर चालणाऱ्या कांहीं रिक्षांचा प्रयोग येथें सुरू झाला, आणि माणसानें माणसाला ओढून न्यावयाच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०२५ च्या ऑगस्टमध्यें दिला. हा आदेश फार पूर्वींच यावयास हवा होता.

ठाण्याचे त्या वेळचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० सालीं हा डोंगर चढून गेले आणि गोऱ्या साहेबांच्या उन्हाळ्याची सोय झाली, हा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें बांधलेली दोन फूट रुंदीची आगगाडी १९०७ सालीं नेरळहून वर आली, हेंही अनेकांनीं वाचलेलें असतें. परंतु मोटार नसलेलें गांव एकट्या पालकाला काय देऊं शकतें, याचा उल्लेख प्रवासाच्या पुस्तकांत सहसा सांपडत नाहीं. तें एका कुटुंबाच्या एका दिवसावरून सांगण्यासारखें आहे.

डोंबिवलीचे एक गृहस्थ. वय छत्तिशीच्या आगेंमागें, एका कचेरींत नोकरी. त्यांची पत्नी वारली त्याला वर्ष होत आलें होतें. मुलें दोन, मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. आईच्या माघारीं मुलीनें कोणी न सांगतां एक काम अंगावर घेतलें होतें. धाकट्याचा हात ती सोडीत नसे. रस्त्यावर, जिन्यांत, लग्नघरांत, कोठेंही पाहावें तों त्याचें मनगट तिच्या मुठींत. नातेवाइकांना याचें मोठें कौतुक वाटे. “केवढी शहाणी झाली पोर!” असें जो तो म्हणे. धाकटा तिला ‘ताई’ म्हणे म्हणून हळूहळू सारें घरच, वडीलसुद्धां, तिला ‘ताई’ म्हणूं लागलें होतें. शेजारच्या आजींनीं मात्र एकदां वडिलांना विचारलें, “अहो, ही खेळते केव्हां?” त्यांच्याजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हतें.

दिवाळी झाल्यावर एका रविवारीं ते दोघांना घेऊन निघाले. बरोबर येण्याची आत्याची तयारी होती. तिला त्यांनीं नको म्हटलें. नेरळला उतरतांच पहिली निराशा वाट्याला आली. खालून वर जाणाऱ्या छोट्या गाडीच्या फेऱ्या मोजक्या आणि जागा थोड्या; तिकिटें केव्हांच संपलीं होतीं. मुलानें स्टेशनांतच बसकण मारली. अखेर टॅक्सी केली. घाटाचीं वळणें मुलाला सोसलीं नाहींत. गाडी थांबवून वडील पिशवींत रुमाल चांचपूं लागले, तों मुलीनें आपल्या लहानशा झोळींतून एक पंचा आणि अर्धें कापलेलें लिंबू काढून पुढें केलें. तें तिनें आदल्या रात्रीं स्वतःच भरून ठेवलें होतें. वडिलांनीं मुलाचें तोंड पुसलें. तिच्याकडे पाहण्याचें मात्र त्यांनीं टाळलें.

दस्तुरीला प्रवेशकर भरून तिघें अमन लॉजवरून छोट्या गाडींत बसलीं आणि मुलाचें रडें विसरलें. माथेरानच्या स्टेशनांतून बाहेर पडल्यावर समोर जांभ्या दगडाच्या मातीचा तांबडा रस्ता आणि दोहों बाजूंस दाट झाडी. मुलीची मूठ नेहमींप्रमाणें आवळलेलीच होती.

“ताई, सोड त्याला,” वडील म्हणाले.

“गाडी येईल.”

“इथं गाडी येत नाही.”

तिचा विश्वास बसला नाहीं. तिनें उजवीकडे पाहिलें, डावीकडे पाहिलें. एक घोडा टापा वाजवीत गेला. तो पुरता दूर जाईपर्यंत ती थांबली. मग तिनें हात सोडला. धाकटा वीस पावलें धांवला, थांबला आणि वळून पाहूं लागला, कारण मागून कोणीच ओरडलें नव्हतें. कांहीं वेळ मुलगी आपल्या रिकाम्या हातांचें काय करावें हें न कळून फ्रॉकला पुसत राहिली. थोड्या वेळानें तिला एक काठी सांपडली.

माथेरानच्या पत्रकांत तिसांवर पॉइंट दिलेले असतात, आणि आलेला प्रौढ माणूस ते सर्व उरकण्याच्या मागें लागतो. लहान मुलांना दरी दिसत नाहीं. त्यांना झाडाचीं उघडीं पडलेलीं मुळें दिसतात, मुंगळ्यांची रांग दिसते, घोड्याची लीद दिसते. या गृहस्थांनीं शार्लोट तलाव आणि त्याच्या जवळचा इको पॉइंट एवढेंच करावयाचें ठरविलें होतें. तलावापर्यंतच्या वाटेला मुलांच्या चालीनें तासाहून अधिक लागला; तो सारा वेळ मुळें, मुंगळे आणि काठी यांतच गेला. घोडेवाल्यांनीं दहादां विचारलें. दोन मुलें एका घोड्यावर आणि आपण मागें पायीं, हें गणित त्यांना पटेना. वानरांच्या बाबतींत मात्र ते गाफील राहिले. चिक्कीचा पुडा मुलाच्या हातांत दिला आणि एका झेपेंत तो झाडावर गेला. येथें खाऊ पिशवींत बंद ठेवावा, मुलाच्या हातीं कधींही देऊं नये.

एकट्या बापाची खरी अडचण दुपारीं आली. मुलीला स्वच्छतागृहांत जावयाचें होतें. स्त्रियांच्या बाजूस वडिलांना जातां येत नाहीं. पुरुषांच्या बाजूस मुलीला न्यावें असें वाटत नाहीं. आणि धाकट्याला कोणाजवळ ठेवावें हा प्रश्न उरतोच. आपल्याकडील सार्वजनिक जागा बांधणाऱ्यांनीं मुलांबरोबर आई असणारच असें गृहीत धरलेलें दिसतें. दाराजवळ काकड्या व लिंबूसरबत विकणारी एक प्रौढ बाई बसली होती. गृहस्थांनीं भीत भीत विचारलें, “मावशी, जरा हिच्याबरोबर आंत जाल का?”

“जाते की! तुम्ही माझ्या पाटीकडं बघा, दादा.”

ती उठली. पांच मिनिटें हे गृहस्थ मुलाला कडेवर घेऊन काकड्यांची राखण करीत उभे होते. तेवढ्यांत एक गिऱ्हाईकही येऊन गेलें. किंमत ठाऊक नसल्यानें त्यांनीं त्याला थांबवून ठेवलें. परत येतांना मुलगी त्या बाईशीं बोलत येत होती. हात पुसण्यासाठीं त्या बाईनें तिला आपला पदर दिला होता.

इको पॉइंटवर गर्दी होती. कड्याजवळ जातांच गृहस्थांनीं दोन्ही मुलांचीं मनगटें धरलीं, दिवसभरांत प्रथमच. उभें राहून मूल नीट धरतां येत नाहीं, हें त्यांना बाजारांतच एका घोडेवाल्यानें सांगितलें होतें. कठड्यापासून मागें, खालीं बसावें आणि मुलाला दोन गुडघ्यांच्या मध्यें घ्यावें. तसे ते बसले. धाकटा ओरडूं लागला. आधीं स्वतःचें नांव, मग आगगाडीचा आवाज, मग वानराला शिव्या. समोरच्या डोंगरानें सगळें इमानानें परत केलें. मुलगी ओरडेना. पाहतात तों तिनें मागून भावाच्या सदऱ्याचें टोंक दोन्ही हातांनीं धरलें होतें, आणि तिचे डोळे दरीकडे नसून त्या टोंकाकडे होते.

“मी धरलंय त्याला,” वडील म्हणाले. ती हलली नाहीं. तेव्हां त्यांनीं तिला ‘ताई’ न म्हणतां तिच्या जुन्या लाडक्या नांवानें हांक मारली. त्या नांवानें घरांत वर्षभर कोणी हांक मारली नव्हती. “मी धरलंय. दोन्ही हातांनी. बघ. आतां तू ओरड.”

तिनें त्यांच्या हातांकडे नीट पाहून घेतलें. मग सदरा सोडला. कोणता शब्द ओरडावा हें तिला सुचलें नसावें. एक लांबलचक, अक्षर नसलेली किंकाळी तिनें दिली, श्वास संपेपर्यंत. आजूबाजूचीं माणसें वळून पाहूं लागलीं. डोंगरानें ती परत केली. तिनें पुन्हां दिली. सहा-सात वेळां हें झालें, आणि शेवटीं तिचा आवाज बसला तेव्हां ती हंसत होती. धाकटा रागावला, कारण आतां त्याची पाळी होती. वडिलांनीं त्याला घट्ट धरून ठेवलें होतें, म्हणून डोळे पुसावयास त्यांना हात मोकळा नव्हता.

परततांना आगगाडी चुकली. रुळांच्या कडेनें चालत तिघें दस्तुरीला आलीं. शेवटचा पल्ला मुलगा खांद्यावर होता आणि मुलगी काठी आपटीत बरींच पावलें पुढें होती. नेरळला लोकल मिळाली तेव्हां अंधार पडला होता. खिडकीजवळ जागा मिळाली. शेलू गेलें, वांगणी गेलें. टॅक्सींत झोप झाल्यामुळें धाकटा टक्क जागा होता आणि प्रत्येक स्टेशनाचें नांव विचारीत होता. बदलापूरला त्यानें विचारलें, “बाबा, ताई झोपली?”

ती झोपली होती. तांबड्या मातीनें भरलेले दोन्ही पाय समोरच्या बाकावर टाकून, तोंड किंचित् उघडें ठेवून, धाकट्याच्या आधीं.

“झोपली,” वडील म्हणाले. “पुढचं अंबरनाथ.”