अंतर राखून पाहावे

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो आढावा या ग्रंथात अन्यत्र सविस्तर येणार आहे. म्हणून मी आज आपली अनुमती गृहीत धरून एका निराळ्या विषयाकडे वळते. विषय आहे, लहान नावेतून वन्यजीव पाहण्याचा. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या, कारखान्यांनी वेढलेल्या बोम्मसंद्रात हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण आपणच पुरवले आहे. अलीकडे शाळेला भेट देणारे माजी विद्यार्थी अलास्का, नॉर्वे, अंटार्क्टिका अशा ठिकाणची छायाचित्रे कौतुकाने दाखवतात. ती पाहिलेले पालक मला विचारतात, "बाई, सुट्टीत मुलांना कुठे न्यावे? एवढे लांब आम्हांला परवडायचे नाही." या प्रश्नाचे उत्तर मी आज देऊ पाहते.

प्रथम त्या दूरच्या जगाकडेच पाहू. अलास्कातील ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान जगप्रसिद्ध आहे. १७९४ साली जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतील खलाशी तेथे पोहोचले, तेव्हा आजचे आखात जवळजवळ अस्तित्वातच नव्हते. त्या जागी बर्फाची प्रचंड भिंत होती. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर तेथे गेले, तोवर हिमनदी कित्येक मैल मागे हटली होती. आज तेथे सुमारे १०० किलोमीटर लांबीचे आखात आहे. त्या काळची ही माघार मुख्यत्वे निसर्गाच्या स्वतःच्या चक्रातील होती. आज जगभरच्या हिमनद्या ज्या वेगाने आटत आहेत, त्यामागे मात्र माणसाने जाळलेल्या इंधनाचा हात आहे. त्या परिसरात पूर्वापार राहणाऱ्या त्लिंगित लोकांना वाढत्या हिमनदीने अठराव्या शतकात आपल्या वस्त्या सोडायला लावल्या होत्या. त्यांच्या भाषेत या आखाताचे जे नाव आहे, त्याचा अर्थ होतो 'हिमनदीच्या जागी आलेले आखात'. अडीच-तीन शतकांचा भूगोल त्या लोकांनी एका नावात जपून ठेवला आहे. भाषेच्या शिक्षिकेला याचा हेवा वाटल्यावाचून राहत नाही.

या आखातात दिवसाला दोनच मोठी प्रवासी जहाजे सोडली जातात. लहान नावांनाही परवाना लागतो. कुबडा देवमासा दिसला, तर नावेने पाव सागरी मैल, म्हणजे सुमारे ४६३ मीटर, अंतर राखावे असा नियम आहे. हिमकड्यांवरून कोसळून तरंगणाऱ्या बर्फाच्या तुकड्यांवर सील माद्या पिलांना जन्म देतात. विणीच्या त्या दिवसांत आखाताचा एक फाटा नावांना पूर्ण बंद ठेवतात. नाव जवळ आली की घाबरलेली सील पाण्यात उडी घेते, पिलू मागे राहते आणि गारठलेल्या पाण्यात दोघांचीही शक्ती खर्च होते.

अंटार्क्टिकाची शिस्त याहून कडक आहे. ५०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला तेथे कोणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही आणि एका ठिकाणी एका वेळी १०० हून अधिक माणसे उतरू शकत नाहीत. म्हणूनच तेथे लहान जहाजाला महत्त्व आले. लहान जहाजाचा तळ पाण्यात कमी बुडतो, ते अरुंद खाड्यांत शिरू शकते आणि त्यातील प्रत्येकाला उतरून पाहण्याची पाळी मिळते. अंटार्क्टिका आपल्याला अगदीच परके नाही. भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या हिमभूमीवर उतरली. आजही ध्रुवीय संशोधनाचे आपले राष्ट्रीय केंद्र गोव्यातील वास्को येथे आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. ठाण्याची खाडी मुंबई आणि नवी मुंबई या दोन महानगरांच्या मधोमध आहे. काठांवर कारखाने, वर विजेच्या तारा, पलीकडे द्रुतगती मार्ग. अशा ठिकाणी हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, प्रचंड थवे उतरतात. ६ ऑगस्ट २०१५ रोजी येथील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२२ मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. ऐरोलीच्या केंद्रातून कांदळवन कक्षाच्या लहान नावा पर्यटकांना खाडीत नेतात. रोहित पक्षी आपली वाकडी चोच उलटी करून चिखलपाणी गाळतो आणि त्यातले सूक्ष्म शेवाळ व जीव टिपतो. त्या अन्नातल्या रंगद्रव्यामुळेच त्याच्या पिसांना गुलाबी रंग येतो. हे दृश्य एखाद्या हिमकड्याइतकेच थक्क करणारे आहे आणि ते लोकलच्या स्थानकापासून फार दूर नाही. त्याचे भवितव्य मात्र नाजूक आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपर येथे विमानाला धडकून एका थव्यातील सुमारे ३९ रोहित पक्षी मृत्युमुखी पडले. महानगराच्या इतक्या जवळ राहण्याची ती किंमत होती.

या नावा घड्याळाच्या काट्यावर सुटत नाहीत. पूर्ण ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि नाव अडकते. पूर्ण भरतीला पक्ष्यांची खाण्याची जागाच पाण्याखाली जाते. या दोहोंच्या मधली वेळ साधावी लागते आणि ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. आमच्या गणिताच्या बाईंनी हे उदाहरण सातवीच्या वर्गात घातले, तेव्हा मुलांनी चंद्र, समुद्र आणि अपूर्णांक एकाच तासात शिकून घेतले.

त्या तासातच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. उधाण आणि भांग, तिवर आणि खाजण, निवटी आणि तांडेल हे शब्द आमच्या बहुसंख्य मुलांना ठाऊक नव्हते. यात त्यांचा दोष नाही. त्यांची कुटुंबे कोल्हापूर, सांगली, बेळगाव, निपाणीकडून पोटापाण्यासाठी इकडे आली आणि खाडी त्यांच्या वाट्याला कधी आलीच नाही. परंतु निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारणारा, पाण्याबाहेरही काही काळ तग धरणारा मासा, हे कळल्यावर मुलांचे डोळे जसे विस्फारले, तसे ते शब्दकोशाने कधी विस्फारले नसते. मराठी माध्यमाची शाळा कन्नड भूमीवर कशासाठी चालवायची, असे आम्हांला अनेकदा विचारले जाते. मी तेव्हा या शब्दांकडे बोट दाखवते. एखादा शब्द विसरला गेला की त्याने दाखवलेली वस्तू दिसेनाशी होते आणि जी वस्तू दिसत नाही, ती वाचवायला कोणी पुढे येत नाही.

मात्र निसर्गपर्यटनाची दुसरी बाजूही पालकांपुढे ठेवली पाहिजे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या समुद्रासह मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, तेव्हा मच्छीमारांनी त्याला विरोध केला. आपली रोजी जाईल ही त्यांची भीती अकारण नव्हती. संरक्षणाचे नियम शहरात ठरतात आणि त्यांचा भार जाळे टाकणाऱ्यावर पडतो, हा अनुभव जगभरचा आहे. पर्यटकांना नेणाऱ्या नावांमुळे किनाऱ्यावरच्या काही घरांना उत्पन्नाचा दुसरा मार्ग मिळाला, हे चांगलेच झाले. पण त्यातून नवा प्रश्न उभा राहिला. आपल्या किनाऱ्यालगत दिसणारा कुबडा डॉल्फिन उथळ पाण्यात राहतो आणि त्याची जात संकटग्रस्त मानली जाते. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि हा प्राणी आवाजाच्या आधारेच मार्ग व भक्ष्य शोधतो. चार नावांनी इंजिने गरगरवत त्याचा पाठलाग केला, तर त्याची गत भर बाजारात डोळे बांधून सोडलेल्या माणसासारखी होते. नाववाला पाठलाग करतो तो बहुधा आपल्याच आग्रहामुळे. "पैसे दिलेत, जवळून दाखवा" असे आपण म्हणतो. "इंजिन बंद करा, आम्ही थांबतो" असे एका कुटुंबाने म्हटले, तर तोच नाववाला आनंदाने थांबेल. त्याचे इंधन वाचेल आणि पुष्कळदा डॉल्फिनही आपणहून जवळ येईल.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने हे समजून घेतले आहे. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपण्याचे काम २००२ पासून सुरू केले. पूर्वी जी अंडी खाल्ली किंवा विकली जात, ती आता संरक्षित जागेत उबवली जातात. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले निघतात आणि समुद्राकडे धाव घेतात. ती पाहायला येणारे पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, भाकरी आणि सोलकढी घेतात आणि दोरीच्या अलीकडे उभे राहतात. जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावरील एका मादीला उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून समुद्रात सोडण्यात आले. तिचे नाव 'प्रथमा' ठेवले गेले.

आणि ज्यांना वेळासही दूर वाटते, त्यांच्यासाठी बोम्मसंद्रापासून दीडशे किलोमीटरांच्या आत, श्रीरंगपट्टणाजवळ कावेरीच्या पात्रात रंगनतिट्टू आहे. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या सांगण्यावरून म्हैसूरच्या महाराजांनी १९४० मध्ये ही बेटे अभयारण्य म्हणून राखली. तेथे वल्ह्यांच्या नावेतून फिरता येते. आमच्या वर्गांच्या सहलीत मी दरवेळी एक गोष्ट पाहते. बसमध्ये दंगा करणारी मुले नावेत बसल्यावर पाचच मिनिटांत शांत होतात. खडकावर तोंड उघडे टाकून ऊन घेणारी मगर काही हातांवर असते, डोक्यावर चित्रबलाक आणि चमचे घरट्यांकडे झेपावत असतात. नावाडी हलकेच सांगतो, "मोसळे." मुले एकमेकांच्या कानात म्हणतात, "मगर." तो "कोक्करे" म्हणतो, मुले "करकोचा" म्हणतात. मंड्य जिल्ह्यात या पक्ष्याच्या नावाने ओळखले जाणारे गावच आहे, कोक्करे बेल्लूर. दोन भाषांत एकच पक्षी ओळखणारे मूल या भूमीवर परके राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा पालकहो, आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे. मुलांना अलास्काला नेता आले नाही म्हणून खंत करू नका. आधी कावेरीवर न्या, मग खाडीवर, मग वेळासला. निघण्यापूर्वी तिथी पाहा. दुर्बीण उसनी मिळाली तर घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेतील दोन दुर्बिणी सुट्टीत पालकांना देण्याची व्यवस्था आम्ही करीत आहोत. नावेत भ्रमणध्वनी खिशात ठेवा. काहीच न दिसता परत यावे लागले, तरी मुलांपुढे पैसे वाया गेल्याची तक्रार करू नका. वाट पाहणे हाही त्या सहलीचा पाठ असतो.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी ज्यांना हिमनद्यांच्या प्रदेशात जाण्याचा योग येतो, त्यांच्याकडून माझी एक मागणी आहे. तेथून आणलेली छायाचित्रे या मुलांना अवश्य दाखवा, पण त्यांच्या जोडीने तेथील नियमही सांगा: किती अंतरावर थांबलात, कोणती वाट बंद होती आणि का. तेथे ४६३ मीटर अंतर विनातक्रार पाळणारा आपला माणूस मालवणला किंवा ठाण्याच्या खाडीत नाववाल्याला घाई करणार नाही, एवढे जरी झाले, तरी तो दूरचा प्रवास या शाळेच्या उपयोगी पडला असे मी मानेन. पुढच्या रंगनतिट्टू सहलीत मुलांबरोबर नावेत बसायला तुमच्यापैकी जे येऊ शकतील, त्यांनी आज जाण्यापूर्वी कार्यालयातील वहीत नाव नोंदवावे. जागा मोजक्याच आहेत.