जुन्या ट्रॅक्टरच्या पोटातील पंप

नांगर जोडलेला जुना ट्रॅक्टर शेतात उभा आहे. इंजिन सुरळीत चालते. पण हाताशी असलेला दांडा वर ओढला, तरी नांगर जमीन सोडीत नाही. अशा वेळी ‘पंप गेला’ एवढे दोन शब्द उच्चारून मालक निकाल देतो आणि पाने हाती घेतो. वस्तुतः थांबावयाचे ते येथेच. कारण हा पंप यंत्राच्या पोटात अशा जागी बसविलेला असतो की, तेथवर पोहोचण्यापूर्वी त्याच्याशी गुंतलेला एकेक भाग सोडवावा लागतो. जुन्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप काढणे हे बळाचे काम नव्हे; ते क्रमाचे काम आहे.

उदाहरण म्हणून अमेरिकेतील ‘फोर्ड ८ एन’ हा ट्रॅक्टर घेता येईल. १९४७ ते १९५२ या काळात तो पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला आणि हौशी मंडळींनी जपलेले त्यांतील कितीतरी ट्रॅक्टर आजही चालते आहेत. मात्र त्याच्या पंपाची कल्पना फोर्डची नव्हे. ती आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन या शेतकरीपुत्राची. पूर्वी नांगर ट्रॅक्टरच्या मागे ओढला जाई. तो जमिनीत अडला की पुढची चाके उचलत आणि ट्रॅक्टर चालकासह मागे उलथत असे. फर्ग्युसनने नांगर तीन सांध्यांनी ट्रॅक्टरशी एकजीव केला. जमीन कठीण लागली की वरचा सांधा दाबला जातो, त्या दाबाने पंपाची झडप हलते, तेल वाहते आणि नांगर किंचित वर येतो. जो अडथळा पूर्वी चालकाच्या जिवावर उठे, तोच आता मागच्या चाकांवर भार टाकून त्यांची पकड वाढवू लागला.

१९३८ साली हेन्री फोर्ड आणि फर्ग्युसन यांनी या योजनेवर केवळ हस्तांदोलनाने करार केला. पुढे तो मोडला. १९४८ साली फर्ग्युसनने २५ कोटी १० लाख डॉलरांचा दावा लावला आणि १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरांवर तडजोड झाली. त्या तडजोडीत, या पद्धतीचा पंप वर्षअखेरीनंतर बनवू नये, हेही फोर्ड कंपनीने मान्य केले. १९५३ च्या ट्रॅक्टरवर पंप पोटातून निघून इंजिनाच्या बाजूला आला, त्याचे कारण हे. ज्या भागासाठी दोन कारखानदार चार वर्षे न्यायालयात झगडले, त्याच भागापाशी ट्रॅक्टरखाली निजून मिस्त्रीला पोहोचावयाचे असते.

पण पंप काढावा की नाही, हा पहिला प्रश्न. हा पंप पी. टी. ओ. शाफ्टवर फिरतो. त्याचा दांडा गुंतविलेला नसेल किंवा क्लच दाबलेला असेल, तर पंप फिरणारच नाही. तेल कमी असेल, तर तो हवा ओढील. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. हे सर्व ठीक असेल, तर बाजूचे तपासणीचे झाकण काढून, बोटे व कपडे फिरत्या शाफ्टपासून दूर ठेवून, इंजिन मंद चालवून आत पाहावे. वरच्या सिलिंडरातून तेल गळताना दिसले, तर दोष तेथील पॅकिंगचा असू शकतो. अशा वेळी पंप काढणे म्हणजे दात दुखत असता कान टोचणे होय.

पंपच दोषी ठरला, तर कामाचा क्रम असा. ट्रॅक्टर सपाट व टणक जागी उभा करून चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. नांगर सोडून लिफ्टचे दोन्ही बाहू पूर्ण खाली आणावेत. हे बाहू तेलाच्या दाबाने वर जातात आणि भाराने खाली येतात; ते वर असता आत दाब कोंडलेला राहतो. मग खालचा भाग धुऊन स्वच्छ करावा, नाहीतर वर्षांची माती उघड्या पंपात पडते. पोटाखाली तेल सोडण्याचे तीन बोल्ट आहेत. तिन्ही उघडावेत, कारण तेल एकच असले तरी कप्पे वेगळे आहेत. सुमारे १९ लिटर तेल निघते. भांडे तेवढे मोठे हवे.

नंतर मागील चार बोल्ट काढून पी. टी. ओ. शाफ्ट मागे ओढून घ्यावा, कारण तो पंपाच्या आरपार गेलेला असतो. यापुढचा टप्पा घाईत विसरला जातो. तपासणीच्या झाकणातून हात घालून पंपाच्या झडपेचा दांडा वरच्या काट्यातून मोकळा करावा. तो अडकलेला असता पंप खाली ओढला, तर काटा वाकतो आणि एका दुरुस्तीच्या दोन होतात. शेवटी पंपाच्या तळाखाली जॅक टेकवून मगच तळाचे बोल्ट काढावेत. ओतीव लोखंडाचा हा जड ठोकळा एकट्याने छातीवर झेलावयाचा नसतो. पॅकिंग चिकटले असेल, तर कडेने हलकेच ठोकावे, पण फटीत छिन्नी घालू नये. तिचा एक ओरखडा पुढे कायमची गळती होतो.

जॅक हळूहळू खाली आला की चार दट्ट्ये आणि झडपा असलेले ते सारे यंत्र उजेडात येते. बहुधा दोष लहानसाच सापडतो: गंजाने अडकलेली झडप, झिजलेली कडी किंवा एखादा तुटलेला पॅकिंगचा तुकडा. बसविताना हाच क्रम उलटा. नवे पॅकिंग, ताजे तेल, आणि झडपेचा दांडा काट्यात पुन्हा बसल्याची खात्री.

फर्ग्युसनचे नाव भारतीय शेतकऱ्यालाही परके नाही. १९६० मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या ‘टॅफे’ कंपनीचा ‘मॅसी फर्ग्युसन १०३५’ याच कुळातला. त्याचाही पंप पोटातच असतो. मात्र तो खालून नव्हे, तर लिफ्टचे वरचे झाकण उचलून काढावा लागतो. म्हणजे एकाच कुळातल्या दोन यंत्रांनाही एकच क्रम लागू पडत नाही. पाना हाती घेण्यापूर्वी समोरचे यंत्र ओळखावे, हे म्हणूनच पहिले कर्तव्य.

सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा ट्रॅक्टर आजही साध्या पान्यांनी उघडतो आणि पुन्हा जोडता येतो, ही त्याच्या कर्त्यांची देणगी आहे. ती टिकवावयाची, तर हात चालविण्याआधी डोळे चालवावे लागतात. नांगर पुन्हा उचलला गेला, म्हणजे पंप दुरुस्त झाला हे खरेच. पण ज्याने तो क्रमाने काढला आणि क्रमाने बसविला, त्याला नांगर का उचलला जातो हेही उमगलेले असते.