एका मळ्याची कॉफी

आपल्याकडे कॉफी व्हायची ती पाहुणा आला म्हणजे. आणि झाली तरी दुधासाखरेत नि जायफळात अशी बुडालेली, की ती कुठल्या मातीतून आली हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. चहाच्या पुड्यावर आसाम, दार्जिलिंग वाचणारे आपण. कॉफीला मात्र गावच नसतं, असं धरून चालतो.

मीही तसंच धरून चाललो होतो. मग एका जानेवारीत चिकमगळूरजवळ, बाबाबुडनगिरीच्या उतारावर, एका कुटुंबाच्या लहानशा मळ्यात चार दिवस राहण्याचा योग आला. मोखाहून सात बिया दडवून आणणाऱ्या बाबा बुडनची गोष्ट तिथे पोरंसोरंही सांगतात. सिल्व्हर ओकची सावली, त्या झाडांवर मिरीचे वेल, आणि खाली अरेबिकाची झुडपं.

म्हातारे यजमान म्हणाले, "माझ्या वडिलांनी जन्मभर कॉफी पिकवली, पण ती कुणी प्यायली हे त्यांना कधी कळलं नाही." त्याचं कारण होतं. 1942 च्या कायद्याने प्रत्येकाला आपलं पीक कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालावं लागे. पैसे हप्त्याहप्त्याने येत. युद्धात परदेशचा बाजार बुडाला तेव्हा याच व्यवस्थेने मळेवाले तगले, हेही विसरू नये. पण चांगलं-वाईट एकाच ढिगात गेलं. 1990 नंतर बंधनं सैल होत गेली आणि 1996 पर्यंत सगळं पीक स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली. 2019 साली बाबाबुडनगिरी अरेबिकाला भौगोलिक मानांकनही लाभलं. पण ते झालं डोंगराचं नाव. मळ्याचं नाव ज्याचं त्यानेच राखायचं.

आणि ते राखणं सोपं नाही, बरं का! एकाच फांदीवर हिरवी नि लाल फळं असतात. बायका फक्त लाल तेवढी खुडतात, म्हणून त्याच झाडाकडे पुनःपुन्हा यावं लागतं. साधारण सहा किलो फळांतून एक किलो कॉफी हाती येते. संध्याकाळी साल काढून बिया हौदात आंबवायला ठेवतात. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी हौदात हात घालून मूठभर बिया चोळल्या. बुळबुळीतपणा जाऊन खड्यांसारखा खरखरीत स्पर्श आला, की धुवायची वेळ झाली. उशीर झाला तर वास बिघडतो. सामाईक ढिगात तो लपला असता. इथे पोत्यावर घराचं नाव आहे.

मुलाचं म्हणणं निराळं. त्याने मला उपटलेली खोडं दाखवली. आत पांढऱ्या खोडकिड्याने बोगदे पाडलेले; असं झाड जाळण्यावाचून गत्यंतर नाही. "रोबस्टाला हा त्रास कमी. खुडायला माणसं तरी कुठून आणायची?" म्हातारे काही बोलले नाहीत. सून म्हणाली, "खालचा तुकडा रोबस्टाला द्या. हौदाजवळचा नको." त्यावर त्या दिवशी तरी निकाल लागला नाही.

निघताना त्यांनी पाव किलो भाजलेली कॉफी हातात दिली. "दूध घालू नका म्हणत नाही; पण पहिला घोट नुसता घ्या."

घरी आल्यावर तसाच घेतला. किंचित आंबूस, आणि मागून कोकोसारखी चव रेंगाळली. मंडळींनी घोट घेतला, क्षणभर थांबल्या, आणि जायफळाची डबी परत फडताळात ठेवली.