बंद झालेलें दार

श्रोतेहो, चित्रपटगृहांतून डोळे पुशीत बाहेर पडणारा प्रेक्षक आपणांस रडूं कां आलें, हें सहसा स्वतःस विचारीत नाहीं. 'देवदास' पाहून आलेल्यानें तरी हा प्रश्न अवश्य विचारावा. कारण या कथेंतील दुःखाचे वांटेकरी अनेक आहेत. परंतु प्रेक्षकांचे अश्रू बहुधा एकट्या देवदासाच्याच पदरीं पडत आले आहेत.

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ही बंगाली कादंबरी १९१७ सालीं प्रसिद्ध झाली. १९३५-३६ मध्यें प्रमथेश बरुआ यांनीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठीं तिचे बंगाली व हिंदी असे दोन बोलपट काढले. बंगालींत ते स्वतः नायक झाले, हिंदींत कुंदनलाल सैगल. हिंदी चित्राच्या छायालेखनाचें काम बिमल रॉय यांजकडे होतें. पुढें सुमारें वीस वर्षांनीं, १९५५ सालीं, त्याच बिमल रॉय यांनीं दिलीपकुमार, सुचित्रा सेन व वैजयंतीमाला यांस घेऊन ही कथा पुनः पडद्यावर आणली आणि आपला चित्रपट बरुआ व सैगल यांच्या स्मृतीस अर्पण केला.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे. देवदास जमीनदाराचा मुलगा; पार्वती शेजारच्या बेताच्या घरची. दोघें एकत्र वाढलीं. मुलीच्या आजीनें मोठ्या आशेनें विवाहाची गोष्ट काढली; परंतु मुलाच्या घरून नकार आला. मुलीचें घराणें लग्नांत वरपक्षाकडून द्रव्य घेणारें, म्हणून हलकें. शिवाय व्याही अगदीं शेजारचे! येथें कोणी खलपुरुष नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. बाप दुष्ट नाहीं, आई निर्दय नाहीं. त्यांस फक्त घराण्याची प्रतिष्ठा राखावयाची आहे. इकडे अपमान झालेला मुलीचा बापहि ईर्षेस पेटतो आणि अधिक श्रीमंत, परंतु प्रौढ व मोठीं मुलें असलेला बिजवर शोधून काढतो. दोन्ही घरांचा मान राहिला. मुलीचें मन मात्र कोणीं विचारलें नाहीं.

तें सांगण्यास ती स्वतःच गेली. रात्रीच्या वेळीं एकटीनें देवदासाच्या खोलींत जाणें म्हणजे त्या काळीं सर्वस्व पणास लावणें होतें. मुलगी धीट निघाली, मुलगा कचरला. तो कलकत्त्यास निघून गेला, आपलें प्रेमच नव्हतें असें पत्र त्यानें लिहिलें, आणि मग पस्तावून परत आला. तोंपर्यंत पार्वतीचा स्वाभिमान जागा झाला होता. तिचें उत्तर सहन न होऊन त्यानें हातांतील काठी तिच्या कपाळावर मारली. त्या घावाचा व्रण तिनें जन्मभर वागविला.

पार्वतीनें तो घाव क्षमा केला. पण ही क्षमा दुबळेपणाची नव्हे. सासरीं जाऊन तिनें परक्या मुलांची आई होण्याचें व्रत घेतलें. कादंबरींत तर रुसलेल्या सावत्र मुलीचें मन तिनें आपले दागिने देऊन जिंकलें आहे. चंद्रमुखी ही नायकीण. देवदासानें तिचा प्रथम तिरस्कारच केला. तिनेंहि क्षमा केली आणि आपला पूर्वीचा जीवनक्रम सोडला. दोन स्त्रियांनीं शोक पचवून त्यांतून कांहीं उभें केलें. देवदासास मात्र स्वतःला क्षमा करतां आली नाहीं, आणि त्यानें मद्याच्या पेल्यालाच प्रायश्चित्त मानलें. प्रायश्चित्तानें कोणाचें तरी ऋण फिटावें लागतें. त्याच्या पिण्यानें पार्वतीच्या कपाळावरचा व्रण तिळभरहि भरून आला नाहीं. वृद्ध सेवक धर्मदास याची झोप तेवढी उडाली.

'मरण्यापूर्वीं एकदां तुझ्या दारीं येईन,' असें वचन त्यानें दिलें होतें. तें एकच त्यानें पाळलें. आगगाडींतून उतरून, बैलगाडीनें रात्र काढून, तो तिच्या सासरच्या दारासमोर झाडाखालीं येऊन पडला. बाहेर कोण मरून पडला आहे, हें कळतांच पार्वती धांवते. आणि चित्रपटांत तिच्यासमोर वाड्याचा थोरला दरवाजा लावून घेतला जातो. तो बंद करणारेहि दुष्ट नव्हेत. घरची मालकीण परक्या पुरुषासाठीं रस्त्यावर गेली, तर लोक काय म्हणतील, एवढीच त्यांची चिंता. म्हणजे पहिल्या घरानें ज्या प्रतिष्ठेसाठीं तिला आंत घेतलें नाहीं, त्याच प्रतिष्ठेसाठीं दुसऱ्या घरानें तिला बाहेर जाऊं दिलें नाहीं.

श्रोतेहो, घरांत उपवर मुलगी किंवा मुलगा असलेल्या वडील माणसांनीं या कथेंत स्वतःस शोधावें. मुलांचें सर्वच ऐकावें असें नाहीं. वडिलांचा अनुभवहि खोटा नसतो. परंतु नकार देण्यापूर्वीं त्यांना जवळ बसवून एकदां विचारण्यास काय वेंचतें? आणि तरुणांनींहि ध्यानांत ठेवावें, कीं धीर धरण्याची आणि चूक कबूल करण्याची एक वेळ असते. ती टळली, म्हणजे क्षमा करणारें माणूस तत्पर असूनहि मध्यें दार बंद झालेलें असतें.